दुहेरी किंमत पद्धती आणि चीनमधील राजकीय तणाव (१९७८-१९९४)

प्रस्तावना :

९ सप्टेंबर १९७६ रोजी माओ त्से-तुंग यांचे निधन झाले, तेव्हा चीनच्या साम्यवादी पक्षापुढे दोन प्रश्न उभे होते. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात विस्कटलेली अर्थव्यवस्था कशी सावरावी, हा पहिला आणि ती सावरताना पक्षाची राजकीय मक्तेदारी कशी अबाधित राखावी, हा दुसरा. चीनच्या आर्थिक सुधारणांचा अभ्यास करताना विकासदर, परकीय गुंतवणूक आणि निर्यात यांवर सामान्यतः अधिक भर दिला जातो. या सुधारणांच्या रचनेतूनच राजकीय असंतोष कसा निर्माण झाला, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. प्रस्तुत निबंधात वस्तूंच्या किमती ठरविण्याचा अधिकार हे सूत्र धरून या असंतोषाचे विवेचन केले आहे. किंमत ही वरकरणी आर्थिक बाब असली, तरी नियोजनबद्ध साम्यवादी राजवटीत ती सत्तेची बाब असते. कोणती वस्तू कोणाला किती दराने मिळावी, हे तेथे शासन ठरविते. साहजिकच भाववाढीचा दोषही शासनाच्याच माथी येतो.

सुधारणांचा प्रारंभ आणि त्यांची मर्यादा :

डिसेंबर १९७८ मध्ये पक्षाच्या अकराव्या मध्यवर्ती समितीचे तिसरे पूर्ण अधिवेशन भरले. वर्गसंघर्षाऐवजी आर्थिक आधुनिकीकरण हे पक्षाचे प्रमुख कार्य राहील, असा निर्णय तेथे झाला आणि डेंग झियाओपिंग यांचे नेतृत्व प्रस्थापित झाले. त्याच सुमारास आन्हुई प्रांतातील झियाओगांग या खेड्यात १८ शेतकरी कुटुंबांनी सामूहिक जमीन आपसांत वाटून घेण्याचा गुप्त करार केला. या कृत्याबद्दल गावच्या प्रमुखांना तुरुंगवास झाल्यास त्यांच्या मुलांचे वयाच्या १८ वर्षांपर्यंत पालनपोषण इतरांनी करावे, असेही त्यात ठरले होते. आपल्या शेतात आपल्या जबाबदारीवर पिकविणे हा त्या काळी किती मोठा राजकीय अपराध होता, याची कल्पना या एका अटीवरून येते. प्रांताचे तत्कालीन पक्षप्रमुख वान ली यांनी अशा प्रयोगांना संरक्षण दिले. पुढे कौटुंबिक उत्तरदायित्व पद्धती देशभर पसरली आणि १९५८ मध्ये स्थापन झालेली जनकम्यून व्यवस्था १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोडीत निघाली. १९७९ मध्ये शासनाने धान्याच्या सक्तीच्या खरेदीचा दर सुमारे २० टक्क्यांनी वाढविला आणि ठरावीक कोट्यापेक्षा जास्त दिलेल्या धान्याला त्याहूनही ५० टक्के अधिक भाव दिला. १९७८ मधील सुमारे ३० कोटी टन धान्योत्पादन १९८४ मध्ये ४० कोटी टनांच्या पुढे गेले.

याच काळात बीजिंगच्या शिदान भागातील एका भिंतीवर नागरिक भित्तिपत्रके लावू लागले होते. ही भिंत ‘लोकशाही भिंत’ म्हणून ओळखली गेली. चार आधुनिकीकरणांना लोकशाहीचे पाचवे आधुनिकीकरण जोडावे, अशी मागणी वेई जिंगशेंग यांनी डिसेंबर १९७८ मध्ये तेथे केली. मार्च १९७९ मध्ये त्यांना अटक झाली आणि ऑक्टोबरमध्ये १५ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. त्यांच्या अटकेच्या दुसऱ्याच दिवशी, ३० मार्च १९७९ रोजी, डेंग यांनी चार मूलभूत तत्त्वे मांडली. समाजवादी मार्ग, सर्वहारा वर्गाची हुकूमशाही, साम्यवादी पक्षाचे नेतृत्व आणि मार्क्सवाद-लेनिनवाद व माओविचार ही ती तत्त्वे होत. आर्थिक मोकळीक आणि राजकीय निर्बंध यांचा पाया अशा प्रकारे एकाच हिवाळ्यात घातला गेला.

दुहेरी किंमत पद्धती :

शेतीतील यशानंतर सुधारणांचा मोर्चा शहरांकडे वळला. शेन्झेन, झुहाई, शान्तौ व झियामेन येथे १९८० मध्येच विशेष आर्थिक क्षेत्रे स्थापन झाली होती. १९८४ मध्ये आणखी १४ किनारी शहरे परकीय गुंतवणुकीस खुली करण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मध्यवर्ती समितीने शहरी अर्थव्यवस्थेच्या सुधारणेचा ठराव संमत केला. पोलाद, कोळसा, लाकूड, सिमेंट यांसारख्या उत्पादक वस्तूंच्या किमतींचा प्रश्न मात्र अवघड होता. त्या एकदम बाजाराच्या स्वाधीन केल्यास कारखाने बुडतील व महागाई भडकेल अशी भीती होती. त्या पूर्णपणे शासनाच्या हाती ठेवल्यास सुधारणा निरर्थक ठरणार होती.

यावर मध्यम मार्ग काढण्यात आला. कारखान्याने योजनेतील कोटा शासकीय दराने द्यावा आणि त्यापलीकडील उत्पादन बाजारभावाने विकावे, अशी ही व्यवस्था होती. १९८५ च्या आरंभी योजनेबाहेरील विक्रीवरील किंमतमर्यादा उठविण्यात आली आणि एकाच वस्तूच्या दोन किमती कायदेशीर झाल्या. या पद्धतीने जुनी व्यवस्था एकाएकी न मोडता नव्या बाजाराला वाव दिला, उत्पादकांना प्रोत्साहन दिले आणि टंचाई कमी केली, हे मान्य करावे लागते.

परंतु तिच्यात एक गंभीर दोष होता. योजनेच्या दराने पोलाद मिळविण्यासाठी भांडवलापेक्षा शासकीय मंजुरीचा कागद आवश्यक असे आणि तो कागद अधिकाऱ्यांच्या हाती होता. कोट्यातील माल स्वस्तात उचलून तो बाजारात चढ्या दराने विकणे, किंवा केवळ मंजुरीपत्रच विकणे, हा किफायतशीर धंदा झाला. अधिकारी, त्यांचे नातलग आणि त्यांच्या आश्रयाने निघालेल्या कंपन्या यांनी त्यातून नफा कमावला. चिनी जनतेने या प्रकाराला ‘ग्वानदाओ’, म्हणजे सरकारी नफेखोरी, असे नाव दिले. सुधारणेचा लाभ कष्ट, कौशल्य किंवा धाडस यांपेक्षा सत्तेच्या सान्निध्यावर अवलंबून आहे, अशी भावना निश्चित पगारावर जगणाऱ्या कामगार, शिक्षक व विद्यार्थी यांच्यात बळावली.

१९८८ ची किंमत सुधारणा आणि १९८९ चे आंदोलन :

पक्षनेतृत्वातही मतभेद वाढत होते. डिसेंबर १९८६ मधील विद्यार्थी निदर्शनांनंतर जानेवारी १९८७ मध्ये सरचिटणीस हू याओबांग यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या झाओ झियांग यांनी त्याच वर्षी तेराव्या पक्ष काँग्रेसमध्ये ‘समाजवादाच्या प्राथमिक अवस्थे’चा सिद्धान्त मांडला. पक्ष व शासन यांचे कार्य वेगळे करण्याचा कार्यक्रमही त्यांनी पुढे ठेवला. दुहेरी किमतींचा पेच एकदाच सोडवावा, या डेंग यांच्या आग्रहातून ऑगस्ट १९८८ मध्ये पॉलिटब्यूरोने किमती मोठ्या प्रमाणावर मुक्त करण्याची योजना मान्य केली. ही वार्ता जाहीर होताच शहरांतून लोकांनी बँकांतील ठेवी काढून घेतल्या आणि दुकानांवर गर्दी केली. रोजच्या वापराच्या वस्तूंपासून दूरचित्रवाणी संचांपर्यंत मिळेल ते विकत घेतले गेले. महिना संपण्यापूर्वीच शासनाने माघार घेतली. त्या वर्षी महागाईचा दर सुमारे १९ टक्क्यांवर पोहोचला. त्यानंतर काटकसरीचे धोरण आले आणि झाओ यांचे आर्थिक वजन घटले.

१५ एप्रिल १९८९ रोजी हू याओबांग यांचे निधन झाले आणि शोकसभांतून आंदोलन उभे राहिले. विद्यार्थ्यांच्या प्रारंभीच्या मागण्यांत वृत्तपत्रस्वातंत्र्य व हू यांच्या कार्याचे पुनर्मूल्यमापन यांबरोबरच नेत्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या उत्पन्नाचा तपशील जाहीर करावा, ही मागणीही होती. ही मागणी वरकरणी आर्थिक असली, तरी सत्ताधाऱ्यांनी जनतेला हिशेब द्यावा हा तिचा आशय राजकीय होता. बीजिंगच्या कामगारांनी स्वतंत्र संघटना स्थापन करून महागाई व भ्रष्टाचाराचा प्रश्न मांडला. २६ एप्रिलच्या ‘पीपल्स डेली’च्या अग्रलेखाने या आंदोलनास ‘गोंधळ’ ठरविले. २० मे रोजी लष्करी कायदा लागू झाला आणि ३-४ जूनच्या रात्री लष्कराने बळाचा वापर करून तिआनानमेन चौक मोकळा केला. मृतांच्या संख्येबाबत आजही एकमत नाही. सौम्य भूमिका घेणारे झाओ पदच्युत झाले आणि १७ जानेवारी २००५ रोजी निधन होईपर्यंत नजरकैदेत राहिले. पक्ष व शासन वेगळे करण्याचा कार्यक्रम बाजूला पडला.

दमनानंतरची सुधारणा :

१९८९ व १९९० या वर्षांत आर्थिक वाढीचा दर सुमारे ४ टक्क्यांवर घसरला. जानेवारी-फेब्रुवारी १९९२ मध्ये डेंग यांनी दक्षिणेचा दौरा करून सुधारणांना पुन्हा गती दिली. ऑक्टोबरमध्ये चौदाव्या पक्ष काँग्रेसने ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’ हे उद्दिष्ट स्वीकारले. १९८८ मध्ये जनक्षोभाच्या भीतीने मागे घेतलेली किंमत सुधारणा या काळात बव्हंशी पूर्ण झाली. बहुतेक वस्तूंच्या दोन किमती एक झाल्या आणि धान्याची शिधाकूपनेही इतिहासजमा झाली.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. १९९४ मध्ये महागाईचा दर सुमारे २४ टक्के, म्हणजे १९८८ पेक्षाही अधिक होता. तरीही देशव्यापी आंदोलन झाले नाही. यावरून १९८९ चा उद्रेक केवळ महागाईने घडला नव्हता, असे अनुमान निघते. १९८८ मध्ये भाववाढीला उघड अन्यायाची जोड होती, नेतृत्वात फूट होती आणि सार्वजनिक चर्चेला काही अवकाश होता. १९९४ मध्ये दोन किमतींतील तफावत ओसरली होती, उत्पन्नाच्या नव्या संधी खुल्या झाल्या होत्या, नेतृत्व एकसंध होते आणि संघटित विरोधाचे मार्ग बंद झाले होते.

निष्कर्ष :

१. चीनमधील राजकीय तणाव सुधारणांच्या बाहेरून आला नाही. बाजार खुला करताना सत्तेला उत्तरदायी न करण्याच्या धोरणातच त्याचे मूळ होते.

२. दुहेरी किंमत पद्धतीने आर्थिक संक्रमण सुकर केले. मात्र त्याची किंमत पक्षाच्या नैतिक प्रतिष्ठेने मोजली.

३. किमती अखेर मुक्त झाल्या, त्या जनतेच्या संमतीपेक्षा तिच्या मौनाच्या आधारे. म्हणून १९९२ नंतरच्या आर्थिक यशाने १९८९ चा मूळ प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही. अधिकाराचा नफा कोण घेतो आणि त्याचा हिशेब कोणी मागावा, हा तो प्रश्न होय. बाजाराने त्याचे स्वरूप बदलले. त्याचे उत्तर दिले नाही.