खर्जाच्या सुराचे गुरू

गाणे ऐकताना आपले लक्ष प्रथम गायकाच्या आवाजाकडे जाते, मग व्हायोलिन, कीबोर्ड अथवा गिटारकडे. या सर्वांच्या तळाशी खर्जातला एक सूर अखंड चाललेला असतो. तो चालू असेपर्यंत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो थांबला म्हणजे मात्र गाण्याचा पाया खचल्यासारखे वाटते. हा सूर बेस गिटारचा. आपल्या गायकवृंदांतील काही तरुण-तरुणी आज हे चार तारांचे वाद्य हाती घेत आहेत, आणि जवळपास शिक्षक नसल्यामुळे त्यांचा पहिला धडा मोबाईलच्या पडद्यावर होतो. यूट्यूबवर शोध घेताच इतक्या वाहिन्या पुढे उभ्या राहतात की शिकणारा गोंधळतो, आणि पदरमोड करून वाद्य आणून देणारे आईवडील चिंतेत पडतात. यांतील कोणती वाहिनी विश्वासाने धरावी? हे ठरवण्यापूर्वी हे वाद्य आजवर कोणी आणि कसे शिकवले, हे पाहणे उपयुक्त ठरेल. चांगल्या गुरूची लक्षणे त्या इतिहासातच सापडतात.

गुरूविना जन्मलेले वाद्य

बेस गिटारच्या आधी खर्जाची ही जबाबदारी डबल बेसकडे होती. माणसाहून उंच असे हे वाद्य उभे धरून वाजवावे लागते. त्याला शिक्षणाची परंपरा होती; व्हिएन्नात अध्यापन करणाऱ्या फ्रान्ट्स सिमांडल (१८४०-१९१२) यांचे पाठ्यपुस्तक आजही विद्यार्थ्यांच्या हाती दिसते. परंतु नृत्यगृहांतील वाद्यवृंद जसजसे मोठ्या आवाजात वाजू लागले, तसतसा डबल बेसचा सूर त्यात बुडू लागला. १९३०च्या दशकात सिएटल येथील पॉल टटमार्क यांनी पडदे असलेला, आडवा धरावयाचा विद्युत बेस तयार केला. पण त्याचा फारसा प्रसार झाला नाही.

ते यश लिओ फेंडर यांना लाभले. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. गंमत अशी की, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ साली त्यांनी बाजारात आणलेल्या बेसला 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता, असे नाव दिले. सतारीप्रमाणे त्याच्या मानेवर पडदे होते. त्यामुळे डबल बेसवर कानाने अंदाजून शोधावा लागणारा सूर येथे बोट ठेवताच नेमका मिळू लागला. तारांची जुळणी मात्र डबल बेसचीच राहिली. सर्वात खालच्या 'ई' तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, म्हणजे साध्या गिटारच्या तशाच तारेच्या बरोबर निम्मी.

वाद्य तर आले, पण ते शिकवणार कोण? लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी यांनी हे नवे वाद्य वाजवून दाखवले. कोणी डबल बेस सोडून याकडे वळले, कोणी गिटार सोडून. या पहिल्या पिढीला ना गुरू होता, ना पुस्तक.

तबकडी हाच गुरू

पुढच्या पिढीचा गुरू ग्रामोफोनची तबकडी ठरली. त्या तबकड्यांतून साऱ्या जगाला बेस शिकवणारे गृहस्थ म्हणजे जेम्स जेमर्सन. त्यांचा जन्म १९३६चा, साऊथ कॅरोलायनातला. १९५४मध्ये ते डेट्रॉइटला आले. १९५९ साली तेथे सुरू झालेल्या मोटाऊन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या अनेक लोकप्रिय गीतांमागे त्यांचा बेस आहे. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते तार छेडीत. पण त्या एका बोटाने त्यांनी बेसला नुसत्या ठेक्यातून बाहेर काढून गायकाशी संवाद करावयास शिकवले. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनीही त्यांचे ऋण मान्य केले आहे.

तथापि हे शिष्य ज्यांच्याकडून शिकत होते, त्यांचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. मोटाऊनच्या तबकड्यांच्या वेष्टनावर साथीदारांची नावे छापली जात नसत. जेमर्सन यांचे नाव प्रथम छापले गेले ते १९७१मध्ये, मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या गीतसंग्रहावर. १९८३ साली मोटाऊनचा पंचविसावा वर्धापनदिन थाटामाटात साजरा झाला, तेव्हा जेमर्सन यांनी तिकीट काढून प्रेक्षकांत बसून तो पाहिला, असे सांगितले जाते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९८९मध्ये अ‍ॅलन स्लट्स्की यांनी त्यांचे चरित्र लिहिले, त्यांच्या बेसच्या ओळी स्वरलिपीत उतरवल्या आणि नामवंत बेसवादकांकडून त्या वाजवून घेऊन ध्वनिमुद्रणासह प्रसिद्ध केल्या. २००२ साली त्याच नावाचा, 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन' हा माहितीपट आला, तेव्हा कुठे सर्वसामान्य श्रोत्यांना या सावलीतल्या कलावंतांची ओळख झाली.

तबकडीकडून शिकणे सोपे नव्हते. अवघड जागा समजावी म्हणून वेग निम्मा करावा, तर सूरही एक सप्तक खाली जाई. गायकाचे एक वेळ चालेल. परंतु मुळातच ४१ कंपनांचा बेसचा सूर निम्म्यावर, म्हणजे विसाच्या आसपास, आला की तो मानवी कानाच्या मर्यादेवरच पोहोचतो. म्हणून काही जण उलट युक्ती करीत. ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगाने फिरवली की षड्जाचा जवळजवळ मध्यम होतो, आणि तळाशी दडलेली बेसची ओळ वर येऊन कानाला स्पष्ट लागते. सुई पुनःपुन्हा मागे नेत, एकेक स्वर शोधीत हे लोक शिकले. त्या कष्टाने त्यांचे कान तयार झाले.

पुस्तक आणि चित्रफीत

छापील विद्येच्या मार्गावर कॅरोल के यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९३५मध्ये जन्मलेल्या या बाई लॉस एंजेलिसमध्ये गिटारवादक म्हणून ध्वनिमुद्रणात साथ करीत. १९६३ साली एके दिवशी ठरलेला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस हाती घेतला आणि पुढे त्याच वाद्याने त्यांची कीर्ती केली. बीच बॉइज यांच्या १९६६च्या 'पेट साउंड्स'मध्ये त्यांचा बेस ऐकावयास मिळतो. १९६९मध्ये त्यांनी बेस कसा वाजवावा यावर पुस्तक प्रसिद्ध केले. रात्रंदिवस ध्वनिमुद्रणात राबणाऱ्या व्यक्तीने आपली कामाची विद्या पुढच्यांसाठी उघड करून दिली, हे त्या पुस्तकाचे मोल.

चित्रफितींचे युग आल्यावर गुरूचे हातही दिसू लागले. जेको पेस्टोरियस यांनी १९७६च्या आपल्या पहिल्या गीतसंग्रहाने, पडदे नसलेल्या बेसवर, या वाद्याची कल्पनाच पालटून टाकली होती. १९८५ साली त्यांची 'मॉडर्न इलेक्ट्रिक बेस' ही शिकवणीची चित्रफीत निघाली. तिच्यात त्यांची मुलाखत जेरी जेमॉट या ज्येष्ठ बेसवादकाने घेतली आहे. दोन वर्षांनी, १९८७मध्ये, जेको वारले, चित्रफीत उरली. असामान्य कलावंताची बोटे जवळून पाहण्याची संधी तिने दूरदूरच्या विद्यार्थ्यांना दिली.

यूट्यूबचे युग

२००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि चित्रफितीचे हे दालन सर्वांसाठी खुले झाले. चित्राचा वेग निम्मा केला तरी सूर जागच्या जागी राहतो. तबकडीच्या पिढीला अशक्य वाटलेली गोष्ट आज बटणावर आली आहे. जुन्या गीतांतील केवळ बेसचा सूर वेगळा काढलेली ध्वनिमुद्रणेही तेथे सापडतात, आणि जेमर्सन यांनी काय वाजवले ते विद्यार्थ्याला एकांतात ऐकता येते.

शिक्षकही पुष्कळ आहेत. इंग्लंडचे स्कॉट डिव्हाईन यांनी 'स्कॉट्स बेस लेसन्स' ही मोठी शाळाच उभी केली आहे. बोटांच्या स्नायूंवरील ताबा बिघडवणाऱ्या फोकल डिस्टोनिया या विकारामुळे ते हातमोजा घालून वाजवतात. 'टॉकिंग बेस'चे मार्क स्मिथ हे स्वरवाचन व सिद्धान्त क्रमाने, शांतपणे समजावून देतात. अगदी नवशिक्यांसाठी अमेरिकेतील जॉश फॉसग्रीन यांची 'बेसबझ' ही वाहिनी विनोदाची फोडणी देत, पण पायरी न चुकवता शिकवते. अ‍ॅडम नीली हे बेसवादक बोटांपेक्षा विचारांना व्यायाम देतात. संगीत असे का वाजते, यावर त्यांचे दृश्यनिबंध असतात.

याउलट इटलीचे दावीदे ब्याले, म्हणजे 'डेव्ही ५०४', यांच्या वाहिनीचे सदस्य एक कोटीहून अधिक आहेत. त्यांचा हात विलक्षण तयार आहे. पण वाहिनीचा हेतू मुख्यतः करमणुकीचा आहे. ती करमणूक म्हणून पाहावी. शाळा म्हणून तिच्याकडे जाऊ नये. तारेवर अंगठ्याचा आघात करण्याची, 'स्लॅप' नावाची चमकदार पद्धत अशा ठिकाणी मुलांना भुरळ घालते. तिचा उगम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९६०च्या दशकात लॅरी ग्रॅहम आपल्या आईबरोबर कार्यक्रम करीत. साथीला ड्रमवादक राहिला नाही, तेव्हा मोठ्या ड्रमची जागा त्यांनी अंगठ्याच्या आघाताने भरली आणि छोट्या ड्रमची जागा तार वर ओढून. आज जी करामत प्रदर्शनासाठी केली जाते, ती गैरहजर सोबत्याची उणीव भरून काढण्यासाठी जन्मली.

पारख

येथेच खरा पेच आहे. यूट्यूबवर ज्याच्याकडे नजर वळते तो पुढे जातो. बेसचे काम तर इतरांना उभे राहण्यासाठी पाया देण्याचे. दाखवण्याच्या बाजारात सावरण्याची विद्या शिकावयाची, म्हणून निवड डोळसपणे करावी लागते. इतिहासातून मला काही कसोट्या दिसतात.

पहिली कसोटी लयीची. चांगला शिक्षक पहिल्याच धड्यांत वेगाच्या मागे लावत नाही. स्वर केव्हा सुरू करावा, किती लांबवावा आणि केव्हा बंद करावा, ड्रमच्या ठोक्याशी तो कसा जुळवावा, हे तो शिकवतो. दुसरी कसोटी क्रमाची. आजचा धडा कालच्या धड्यावर उभा आहे काय? रोज नवी युक्ती देणारी वाहिनी विद्यार्थ्याला वर्षभर दारातच उभे ठेवते. अमुक दिवसांत निष्णात करण्याचे वचन देणाऱ्यापासून तर दूरच राहावे.

तिसरी कसोटी श्रवणाची. केवळ आकड्यांची टॅब पडद्यावर सरकवून 'येथे बोट ठेवा' म्हणणारा बोटे शिकवतो. मूळ गाणे ऐकावयास लावणारा कान शिकवतो. चौथी कसोटी मला सर्वात महत्त्वाची वाटते. ही ओळ मुळात कोणी वाजवली, हे तो शिक्षक सांगतो का? जेमर्सन यांच्या वाट्याला जे आले ते आठवून पाहा. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घेणे हा साधा प्रामाणिकपणा आहे, आणि जो शिक्षक तो पाळतो, त्याच्या शिकवण्यातही तो सहसा उतरलेला दिसतो.

एक व्यावहारिक सूचनाही करावीशी वाटते. मोबाईलच्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकातून बेसचे खालचे मूळ सूर बाहेरच पडत नाहीत. आपल्याला ऐकू येतात ते त्यांचे वरचे उपस्वर. म्हणून धडा ऐकताना कानांवर बरे हेडफोन असावेत. अन्यथा विद्यार्थी जे शिकावयास बसला तेच त्याला ऐकू येणार नाही.

परंतु उत्तम वाहिनीचीही एक मर्यादा राहतेच. पडद्यावरचा गुरू बोलतो, त्याला शिष्य ऐकू येत नाही. आपला ठेका पुढे पळतो आहे, तारेला दुसऱ्या तारेचा स्पर्श होऊन खरखर येते आहे, हे तो सांगू शकत नाही. व्हिक्टर वुटन हे पाच भावांतले धाकटे. भावांच्या मेळात वाजवत वाजवत ते बेस शिकले. मूल जसे मोठ्यांच्या बोलण्यात मिसळून भाषा शिकते, तसेच संगीत शिकावे, असे त्यांनी २०१२मधील आपल्या एका प्रसिद्ध चित्रित व्याख्यानात मांडले आहे. आपल्या मुंबईच्या मोहिनी डे यांचेही तसेच. ए. आर. रहमान यांच्याबरोबर कोक स्टुडिओत वाजवलेल्या त्यांच्या बेसच्या चित्रफिती देशोदेशी पाहिल्या गेल्या. पण त्यांचे पहिले धडे घरात, बेसवादक वडिलांपाशी झाले.

सर्वांच्या घरी असे वडील किंवा भाऊ असणार नाहीत. पण ऐकणारे माणूस शोधले तर मिळते. गायकवृंदातला कीबोर्ड वाजवणारा, शेजारचा ड्रमवादक, बँडमध्ये आयुष्य घालवलेले एखादे वयस्कर काका यांच्यापुढे आठवड्यातून एकदा तरी वाजवावे. पालकांनीही मुलाने किती चित्रफिती पाहिल्या ते विचारू नये. या आठवड्यात कोणाबरोबर वाजवलेस, एवढेच विचारावे. धडा पडद्यावरून अवश्य घ्यावा, एक वाहिनी निवडून निदान सहा महिने तीच धरावी. मात्र तालमीच्या वेळी मोबाईल बंद करून ठेवावा, गाणाऱ्याच्या श्वासाकडे कान द्यावा आणि त्याला जेथे आधार हवा तेथे आपला सूर द्यावा.