गावच्या शिपायांची आठवण

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुत येथील वेढ्यात अन्न संपल्याने २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेस शरण जावे लागले. कैद झालेले कित्येक शिपाई परतलेच नाहीत. बसरा येथील स्मारक ४०,००० हून अधिक मृतांचे. परंतु तेथे साध्या हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणवार फक्त संख्या कोरली गेली.

म्हणून ग्रामस्थांस नम्र विनंती, की घरातील जुने पदक मोडीत घालू नये. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. शोधाची सुरुवात तेथूनच होते. मंदिरात देणगीदारांची नावे लागतात. प्राण देणाऱ्यांचीही लागावीत.