दिनविशेष : २२ ऑगस्ट – अल्कांताराचा अग्निप्रलय

ब्राझीलच्या हवाई दलाच्या अखत्यारीतील, साओ जोसे दोस कांपोस येथील अवकाश तंत्रज्ञान केंद्राने घडवलेला ‘व्हीएलएस-१’ हा उपग्रहवाहक अग्निबाण २००३ साली आजच्या दिवशी विषुववृत्तालगतच्या अल्कांतारा तळावर, नियोजित उड्डाणाच्या अवघे तीन दिवस आधी, उभ्या जागीच पेटला आणि तेथे काम करणारे २१ अभियंते व तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले. पहिल्या टप्प्यातील चार मोटारींपैकी एक अकाली प्रज्वलित झाली. घन इंधन, म्हणजे ज्वलनशील द्रव्य आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य यांचे घट्ट मिश्रण, एकदा पेटले की विझवता येत नाही, त्यामुळे अग्निबाणाला वेढून असलेला पोलादी मनोराही कोसळला. चौकशी अहवालाने स्थिर विद्युतभाराचे विसर्जन हे संभाव्य कारण मानले; परंतु वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या निधीवर आणि सुरक्षाव्यवस्थेतील उणिवांवर त्याने ठेवलेले बोट अधिक महत्त्वाचे आहे. याच केंद्रात ‘बांदेइरांते’ विमान घडले, ते १९६८ साली प्रथम उडाले आणि त्यातूनच ‘एम्ब्राएर’ ही कंपनी उभी राहिली. अशा संस्थेला अग्निबाण पुन्हा बांधता आला असता, पण त्या २१ जणांचा अनुभव परत मिळणे शक्य नव्हते. व्हीएलएस प्रकल्प एकही उपग्रह कक्षेत न पोहोचवता २०१६ साली बंद झाला.