कणांची शिरगणती

नोव्हेंबर 2010 मध्ये जिनिव्हाजवळ सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये शिशाची अणुकेंद्रे पहिल्यांदा एकमेकांवर आदळली. न्यूक्लिऑनच्या जोडीमागे ऊर्जा होती 2.76 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट. थोड्याच दिवसांत ‘ॲलिस’ प्रयोगाने आकडा जाहीर केला: अगदी समोरासमोरच्या टकरींत, मधल्या पट्ट्यात, स्यूडोरॅपिडिटीच्या (कणाच्या दिशेचा शलाकेशी असलेला कोन सांगणाऱ्या मापाच्या) एककामागे सरासरी 1584 विद्युतभारित कण. संख्याशास्त्रीय त्रुटी 4, पद्धतशीर त्रुटी 76. या विषयात नव्याने येणारा 1584 विसरला तरी चालेल. 76 कुठून आले, हे मात्र नीट समजून घ्यावे.

टकरी वाढवल्या की 4 आणखी घटतात. 76 त्याने हलत नाहीत. मोजणी झाली ती किरणशलाकेपासून सुमारे 3.9 आणि 7.6 सेंटिमीटरवरच्या सिलिकॉनच्या दोन थरांत. दोन्ही थरांतले ठसे जोडणारी रेष टक्करबिंदूकडे रोखलेली असली, की एक कण धरायचा. पण गर्दीत भलतेच ठसे जुळतात. फार मंद कण चुंबकीय क्षेत्रात वळून किंवा वाटेतल्या पदार्थात अडकून दुसऱ्या थरापर्यंत पोचतच नाही. लॅम्बडासारखा कण मध्येच फुटतो आणि त्याची पिल्ले टकरीच्या खाती जमा होऊ पाहतात. शिवाय टक्कर समोरासमोरची होती, हे ठरवायचे कसे? आघात कोणी पाहिलेला नसतो. दूरच्या डिटेक्टरांतले सिग्नल आणि टकरीची भूमिती मांडणारे ग्लाउबर प्रारूप यांची सांगड घालून सर्वांत मध्यवर्ती 5 टक्के टकरी निवडतात. म्हणजे कणांवरूनच टक्कर ओळखायची आणि मग तिचे कण मोजायचे!

ॲलिसचा आराखडा झाला तेव्हा कणसंख्येचे अंदाज फार मोठे होते, म्हणून एककामागे 8000 कणांपर्यंत तयारी ठेवली होती. अंदाज बांधणाऱ्यांना मी हसत नाही. कणांची फार गर्दी होईल या भीतीपोटीच यंत्र इतके सोशिक झाले.

विद्युतभार नसलेल्या फोटॉनांची मोजदाद वेगळी. त्यासाठीचा डिटेक्टर कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने तयार झाला. शिशाच्या पत्र्यामागे षटकोनी कप्पे: फोटॉनाची सर अनेक कप्पे भिजवते, हॅड्रॉन बहुधा एखाद्याच कप्प्यात खूण सोडतो. आयआयटी मुंबईचा गटही ॲलिसमध्ये आहे, तेव्हा हे काम आपल्यापासून फार लांबचे नाही.

अशा टकरींत ज्याचा शोध घेतात तो क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा या पुस्तकात उशिरा भेटतो, तेही मुद्दाम. आधी मोजणी, मग त्याच्याविषयीचे दावे. ज्यांना धीर धरवत नाही त्यांनी सरळ स्ट्रेंज क्वार्कवाल्या कणांचे प्रकरण उघडावे. अडले तर मागे यावे. पहिली दोन प्रकरणे त्यासाठीच आहेत.