बारा बोरची बंदूक आणि मातीचं पाखरू



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, बचत गटाच्या बाईला बंदुकीचं काय पडलं? पण आपण चिखलदऱ्यात राहतो. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला आणि पुढं वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं ही थंड हवेची जागा हेरली. गडावरच्या तोफा आजही तशाच पडून आहेत. सहलीला आलेली पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. तोफेनं गड पडला खरा, पण पुढची दीडशे वर्षं रानावर वट राहिला तो खांद्यावरच्या बंदुकीचा. ती कुणाच्या हाती होती, नेम कशावर धरला जाई आणि बाईच्या हाती ती कधी आली, हे आज सांगते.

आधी बंदूक समजून घेऊ. ‘बारा बोर’ हा शब्द आपण ऐकलेला असतो, अर्थ मात्र कुणी सांगत नाही. तो अगदी लाडू वळण्यासारखा आहे. एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम शिसं घ्यायचं आणि त्याचे बारा सारखे गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा बोरची नळी. वीस गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होणार, म्हणून वीस बोरची नळी बारीक. रायफलीतून एक गोळी निघते आणि लांबवर सरळ जाते. या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. काडतुसात बारीक छर्रे भरलेले असतात, ते बाहेर पडले की पसरत जातात. म्हणून उडत्या पाखरासाठी ही बंदूक. नळीचं तोंड किंचित आवळलं की छर्रे जरा उशिरा पसरतात आणि लांबचं पाखरूही टिपता येतं.

आपल्याकडच्या जुन्या बंदुका ठासणीच्या. तोंडातून दारू घालायची, चिंधी घालायची, छर्रे घालायचे आणि गजानं ठासायचं. एक बार काढला की दुसऱ्याची तयारी होईस्तोवर डुक्कर शेताबाहेर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरायची दुनळी बंदूक रुळली, मग धूर न करणारी दारू आली. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीनं पुढचा दांडा मागं ओढला की नवं काडतूस चढवणारी बंदूक काढली. विसावं शतक उजाडलं तेव्हा बंदूक वेगवान झाली होती, हलकी झाली होती.

पण ती कुणाकडे होती? १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर परवाना लागे, गोऱ्या साहेबाला त्यातून सूट होती. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. १९०२ मध्ये निजामाकडून तो कायमच्या पट्ट्यानं घेतला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. मेळघाटचं रान राखीव झालं होतं. साहेब थंडीत आणि उन्हाळ्यात शिकारीला यायचे. मचाणावर ते बसायचे, आणि हाका घालायला, म्हणजे डबे वाजवत, ओरडत जनावर पुढं हाकायला, कोरकू माणसं असायची. रानाची वाट, पाणवठा, जनावराचा माग, सगळं कोरकूला ठाऊक. जनावर उलटलं तर आधी सापडणार तेही तेच. बंदूक मात्र मचाणावर.

या कायद्याविरुद्ध मद्रासच्या काँग्रेसनं १८८७ मध्येच ठराव केला होता. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, तीच काँग्रेस आपल्या अमरावतीत भरली. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढं अकरा मागण्या ठेवल्या. अहिंसेचं व्रत घेतलेल्या त्या माणसाच्या यादीतही स्वसंरक्षणासाठी हत्याराचे परवाने द्या, ही मागणी होती. कुणावर भरवसा ठेवायचा आणि कुणावर नाही, हे सरकारनं रंग बघून ठरवावं, यालाच त्यांचा विरोध होता.

आता नेमबाजीच्या खेळाकडं येऊ. या खेळाचं नाव ‘ट्रॅप’, म्हणजे सापळा. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जिवंत कबुतर छोट्या पेटीत ठेवायचे. दोरी ओढली की पेटी उघडायची, कबुतर उडायचं आणि नेमबाज बार काढायचा. पैजा लागायच्या. हाच शौक अमेरिकेत गेला. तिथं एक जातीचं रानकबुतर होतं, त्यांचे थवे एवढे मोठे की आभाळ झाकोळून जाई. बाजारात विकायला त्यांची कत्तल झाली, जंगलं तुटली, आणि हजारो पाखरं जिवंत धरून या पेट्यांत भरली गेली. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटी शहराच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीची शेवटची मादी मेली. तिचं नाव मार्था होतं. ज्यांची मोजदाद होत नव्हती, त्यातलं एक पाखरूही उरलं नाही.

योगायोग बघा. त्याच सिनसिनाटीतल्या जॉर्ज लिगोव्स्की या माणसानं १८८० मध्ये भाजक्या मातीची चकती काढली. त्याआधी काचेचे पोकळ गोळे उडवून बघितले होते, काही गोळ्यांत तर फुटल्यावर उडावीत म्हणून पिसं भरायचे. पण गोळा पाखरासारखा उडत नव्हता. पोरं तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड भिरकावतात तशी चकती हवेत तरंगत जाते, हे लिगोव्स्कीनं ओळखलं. नाव मात्र ‘मातीचं कबुतर’ असंच राहिलं. पुढं भाजकी माती फार टणक ठरली, छर्रा लागूनही फुटेना, म्हणून डांबर आणि चुनखडीची भुकटी वापरू लागले. आजच्या चकतीचा व्यास ११० मिलिमीटर असतो, आपल्या वाटीच्या तोंडापेक्षा थोडा मोठा. वजन साधारण १०५ ग्रॅम.

बदल एका रात्रीत झाला नाही. १९०० मध्ये पॅरिसला ऑलिम्पिकच्या वेळी भरलेल्या एका स्पर्धेत जिवंत कबुतरंच मारली गेली. बेल्जियमच्या लेऑं द लुंडेननं एकवीस पाखरं पाडून ती जिंकली. त्याच वर्षी अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्पर्धा मात्र पहिल्यांदा चकत्यांवर झाली. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये चकत्याच होत्या, आणि १९२१ मध्ये इंग्लंडनं धरलेलं पाखरू सोडून मारायला कायद्यानंच बंदी घातली. खेळ तोच, नेम तोच, थरार तोच, फक्त जीव जाईनासा झाला. एखादी वाईट चाल मोडायची तर नुसतं ‘करू नका’ म्हणून भागत नाही, तिच्या जागी काहीतरी द्यावं लागतं. ते लिगोव्स्कीनं दिलं.

आपल्या देशात हे शहाणपण उशिरा आलं. १९३८ च्या नोव्हेंबरात भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लिनलिथगोसाठी शिकार ठेवली होती. एका दिवसात ४,२७३ पाखरं पडली. तो आकडा तिथं दगडावर कोरून ठेवलाय. आपल्या रानाशी जोडलेली एक गोष्टही सांगते. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. पाखरांचा अभ्यास करणारे साहेब तेव्हा बारीक छर्र्यानं पाखरू मारून त्याची कातडी संग्रहालयात पाठवायचे. १८७२ ते १८८४ या काळात मिळालेल्या मोजक्या रानपिंगळ्यांची नोंद आहे, त्यात खानदेशातलेही आहेत. मग शंभरावर वर्षं तो कुणाला दिसला नाही. नामशेष झाला असंच धरून चालले. १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात तो जिवंत सापडला, आणि पुढं आपल्या मेळघाटातही. म्हणून सकाळी उंच फांदीवर बसलेला पिंगळा दिसला तर पोरांना गलोल खाली ठेवायला सांगा.

आता बायांचं काय? मातीच्या चकतीनं बाईला दार उघडून दिलं. शिकारीला रानात जायला तिला मोकळीक नव्हती, पण मैदानावर फुटलेली चकती सगळ्यांना सारखी दिसते. तिथं पंचाला आकडा झाकता येत नाही.

ॲनी ओकली ही त्यातली सगळ्यात नामांकित. १८६० मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत गरिबाघरी जन्मली. बाप लहानपणीच गेला, आईला पोरं पोसवेनात, म्हणून तिला अनाथ-गरिबांच्या वस्तीगृहात ठेवलं. तिथून ज्या घरी कामाला नेलं तिथं तिचे फार हाल झाले. परत आल्यावर बापाच्या बंदुकीनं ती शिकार करून दुकानदाराला विकू लागली. असं सांगतात, की त्याच कमाईतून तिनं आईचं गहाण घर सोडवलं. आपल्या गटातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढं ती खेळ दाखवत युरोपभर हिंडली आणि हजारो बायांना नेमबाजी शिकवली. १९०३ मध्ये वर्तमानपत्रांत खोटी बातमी आली, की तिनं व्यसनापायी चोरी केली. तिनं पंचावन्न वर्तमानपत्रांवर दावे लावले, कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढली, आणि एक सोडून सगळे दावे जिंकले. बासष्टाव्या वर्षी, १९२२ मध्ये, एका मैदानावर तिनं सलग शंभर चकत्या फोडल्या.

दुसरी एलिझाबेथ टॉपरवाईन. ती विंचेस्टरच्या कारखान्यात काडतुसं भरणारी कामगार होती. कारखान्याच्या नेमबाजाशी लग्न झालं, मग तिनं स्वतः बंदूक हाती घेतली. १९१६ मध्ये दोन हजार चकत्यांपैकी तिनं १,९५२ फोडल्या. काडतुसं भरणारे हात आणि चालवणारे हात एकाच बाईचे असू शकतात, हे तिनं दाखवलं.

तरी मोठ्या स्पर्धेचं दार सरळ उघडलं नाही. १९०८ पासून १९२४ पर्यंत ऑलिम्पिकच्या या खेळात पुरुषच होते. १९६८ पासून बायांना पुरुषांबरोबर उतरता येऊ लागलं. १९९२ मध्ये बार्सिलोनात चीनच्या झांग शाननं स्कीट या चकत्यांच्याच प्रकारात सगळ्या पुरुषांना मागं टाकून सुवर्ण जिंकलं. आणि पुढच्या, १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये त्या प्रकारात बायांना जागाच ठेवली नाही! २००० मध्ये बायांचे वेगळे सामने सुरू झाले, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली.

आपल्याकडं हा खेळ राजघराण्यातून आला. बिकानेरचे महाराजा कर्णी सिंग पाच ऑलिम्पिक खेळले आणि १९६२ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. त्यांची मुलगी राज्यश्री कुमारी हिला १९६८ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पण ट्रॅपमध्ये भारताची पहिली बाई ऑलिम्पिकला पोचली ती २०१२ मध्ये, शगुन चौधरी. आपल्या महाराष्ट्रानं अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत अशा जगात नाव काढणाऱ्या नेमबाज दिल्या, पण त्या रायफल आणि पिस्तुलाच्या. कारण सरळ आहे. हवेच्या रायफलीचा सराव दहा मीटरच्या खोलीत होतो. ट्रॅपला मोठं मोकळं मैदान लागतं, चकत्या फेकायची यंत्रं लागतात, आणि दर बाराला एक काडतूस खर्ची पडतं. परवाना आता रंग बघून मिळत नाही, पण खिसा बघून खेळ मिळतो. ज्या अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि ज्याचं पथक १९३६ मध्ये बर्लिनला देशी खेळ दाखवून आलं, त्या जिल्ह्यातली एखादी कोरकू किंवा गवळ्याची पोर चकत्या फोडायला उभी राहील, तर मला नवल वाटणार नाही. तिच्या डोळ्याला आणि हाताला काय कमी आहे?

शेवटी आपल्या शेताचं. रोही आणि रानडुकरं हरभरा-गहू लोळवतात, आणि जागलीला बायाही जातात. मग कुणी म्हणतं, बंदूक असती तर! तेव्हा कायदा माहीत असू द्या. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला. त्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, असं लिहिलेलं आहे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. म्हणजे परवाना हाती असला तरी जनावर मारायची मुभा त्यातून मिळत नाही, त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यानं आपल्या बंदुकीची नोंदही वनखात्याकडं करायची असते. कुंपणाला चोरून वीज सोडू नका, त्यात डुकराआधी घरचा माणूस जातो. पीक खाल्लं की लगेच वनखात्यात अर्ज द्या, पंचनामा मागा, पोच घ्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी अर्ज घेऊन तुम्ही जाऊ शकता. एकटीनं जायचा संकोच वाटला तर गटातून पाच जणी मिळून जा.

मचाण आणि हाका यांची ती जुनी वाटणी आपल्याला परत नको. रान राखायचं ओझं आपल्या शेतावर पडत असेल, तर त्याचा मोबदलाही आपल्या हाती यायला हवा, आणि तो मागताना नेम चुकता कामा नये. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा.