भायखळ्याच्या खुणा

मुंबईचा इतिहास विचारला की विद्यार्थी सात बेटे, आंदण आणि पहिली आगगाडी एवढे पटकन सांगतात. शाळेच्या वाटेवरचा दगड, चौकातला पुतळा, जुन्या भिंतीतला कोरीव लेख यांच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. अमेरिकेत गावोगावी रस्त्याकडेला त्या जागेचा इतिहास सांगणारे धातूचे फलक उभे केलेले असतात. आपल्याकडे तशी सरसकट पद्धत नाही; पण खुणा पुष्कळ आहेत. त्या कशा वाचाव्यात हे पाहण्यासाठी आम्ही भायखळा निवडला.

प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी असते. चिठ्ठी वाचताना आम्ही मनात चार प्रश्न ठेवतो. ती कोणी लावली? केव्हा लावली? ती मूळ बाटलीवरच आहे का? आणि तिच्यावर काय लिहायचे राहिले? रस्त्यावरच्या खुणांनाही हेच प्रश्न विचारता येतात.

मैलाचा दगड

पहिला प्रश्न अंतराचा. अंतर मोजायचे तर शून्य कुठेतरी मानावे लागते. ब्रिटिशांच्या मुंबईचे शून्य होते किल्ल्यातील सेंट थॉमस चर्च. १७१८ साली उपासनेसाठी खुल्या झालेल्या या चर्चपासून मैल मोजून रस्त्याकडेला काळ्या बेसॉल्टचे दगड रोवले गेले. काळबादेवी, ताडदेव, परळ, दादर अशा ठिकाणी असे दगड आढळले आहेत. त्यांच्यावर रोमन आकडा आणि ‘सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. रस्ते व पदपथ वर चढत गेले आणि कित्येक दगड निम्म्याहून अधिक जमिनीत गेले. अलीकडे महानगरपालिकेने त्यांतील काही मोकळे करून नीट उभे केले आहेत.

या दगडांवर साल नाही. मग त्यांचे वय कसे ठरवायचे? येथे एक शब्द मदतीला येतो. १८३७ साली मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला आणि सेंट थॉमसला कॅथीड्रलचा दर्जा आला. दगडांवर मात्र ‘चर्च’ असे आहे. तेव्हा ते १८३७ पूर्वीचे असावेत, असे अनुमान निघते. अर्थात हे अनुमानच आहे. दर्जा बदलला तरी जुने नाव लोकांच्या तोंडी राहते, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. याच चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा १८६० नंतरच्या दशकात तटबंदीबरोबर पाडला गेला, तरी आपण आजही ‘चर्चगेट’लाच उतरतो.

या शून्यापासून भायखळा सुमारे ३ मैलांवर, म्हणजे ५ किलोमीटरच्या आसपास आहे. आज मध्य मुंबईत मोडणारे हे ठिकाण त्या काळी शहराबाहेर होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी येथूनच गेली. भायखळा स्थानकाची दगडी इमारत १८५७ ची आहे. तिची डागडुजी करून ती पूर्वरूपात आणल्याबद्दल २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला.

जागा सोडलेल्या खुणा

आता तिसरा प्रश्न: चिठ्ठी मूळ बाटलीवर आहे का? राणीच्या बागेच्या आवारात याचा उत्तम पाठ मिळतो. तेथे घोड्यावर बसलेला एक पुतळा आहे. तो सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा. अल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा १८७९ साली फोर्ट भागात उभारला गेला आणि लोकांनी त्या चौकालाच ‘काळा घोडा’ म्हणायला सुरुवात केली. १९६५ साली पुतळा भायखळ्याला हलवला. घोडा आला, नाव तिकडेच राहिले. २०१७ साली तेथे स्वार नसलेला नवा घोडा बसवण्यात आला, तो नावाला आधार म्हणून.

जवळच दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते मुंबईत आणले गेले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही, आणि तो जेथे आहे तेथल्या कोणत्याही रस्त्याला त्याचे नाव नाही.

शेजारचे संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडले, तेव्हा त्याच्या नावात व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट होते. ज्यांनी त्यासाठी खटपट केली त्यांत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे नाव संग्रहालयाला १९७५ साली मिळाले. म्हणून फलकावरचे नाव वाचले की ते केव्हा लिहिले गेले, हेही विचारावे.

न लिहिलेली खूण

चौथा प्रश्न सर्वांत अवघड. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसून आला. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करायला जागा मिळाली, हाताखाली मोजकी माणसे. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवताना त्यांनी वर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. मग सुमारे ७० अंश सेल्सियसच्या उष्णतेने जंतू मारून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार असलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली. टोचलेले आणि न टोचलेले असे दोन गट झाले. दोन्हींत दीडशेच्या आसपास माणसे. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यांतील ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ जणांना झाला, पण कोणी दगावले नाही. दोन्ही गटांचे अन्न, पाणी, निवारा एकच. त्यामुळे फरक लसीमुळे पडला, हा निष्कर्ष बळकट होतो.

आजचा संशोधक येथे थांबणार नाही. कोणाला टोचायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, कैद्यांनी स्वतः ठरवले होते. तेव्हा दोन गट सर्व बाबतींत सारखे होते का? आणि तुरुंगातल्या माणसाचे ‘हो’ कितपत मोकळे असते? वर्गात या दोन्ही प्रश्नांवर तासभर चर्चा होऊ शकेल.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव दिले गेले. त्यामुळे नाव परळला आहे, पण लस जन्मली आणि पहिली कसोटी झाली ती भायखळ्यात. आणि ज्यांच्या दंडावर ती कसोटी झाली, त्या कैद्यांची नावे आमच्या पाहण्यातल्या एकाही फलकावर नाहीत. पुढे लक्षावधी लोकांना ही लस टोचली गेली. तिच्या इतिहासात या माणसांचा वाटा केवळ आकड्यांपुरता उरला आहे.

शिक्षकांसाठी

हा उपक्रम कोणत्याही गावी करता येईल. विद्यार्थ्यांचे चार-चारचे गट करावेत. प्रत्येक गटाने शाळेपासून एक किलोमीटरच्या आतली एक खूण निवडावी: पार, विहिरीवरचा लेख, कोनशिला, मैलाचा दगड, काहीही. मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा, जागा नकाशावर दाखवावी आणि वरील चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत. जे सिद्ध झाले आणि जे अनुमान आहे, ते दोन वेगळ्या रकान्यांत लिहावे. शेवटी प्रत्येक गटाने त्या जागेसाठी पन्नास शब्दांचा नवा फलक लिहावा, आणि जुन्या फलकावर राहून गेलेल्या एका तरी माणसाला त्यात जागा द्यावी. भायखळ्याच्या शाळांनी तुरुंगाच्या भिंतीपासून सुरुवात करावी, असे आम्हांला वाटते.