तेव्हाचा जिल्हा की आजचा?

१४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांतले रामचंद्र चुरी आमच्या मुरब्याचे, काशिनाथ पागधरे खाडीपलीकडच्या सातपाटीचे. 'हे हुतात्मे कोणत्या जिल्ह्यातले?' असं मी वर्गात दरवर्षी विचारायचो. मुलं एका सुरात 'ठाणे!' म्हणायची. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि माझी सारी तपासलेली उत्तरं एका रात्रीत चुकली. म्हणजे, चुकली तरी कशी म्हणायची?

दिवाळीत नात आली होती. तिला म्हटलं, हाच प्रश्न तुझ्या यंत्राला विचार. तिने विकिडेटा उघडला. २०१२ साली सुरू झालेल्या या साठ्यात माहिती तीन पदांच्या वाक्यांत असते. गाव अमुक तालुक्यात, तालुका अमुक जिल्ह्यात. एकाचं शेवटचं पद दुसऱ्याचं पहिलं, झाली साखळी. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला हे आवडणारच. पण प्रश्न विचारायचा 'स्पार्कल' नावाच्या भाषेत, आणि तिथे जन्मस्थानाला म्हणायचं पी १९! परीक्षेतल्या बैठक क्रमांकासारखा कारभार.

ही भाषा २००८ साली प्रमाण ठरली, तेव्हा गाव, तालुका, जिल्हा ही प्रत्येक पायरी वेगळी लिहावी लागे. पायऱ्या किती, हे विचारणाऱ्याला आधीच ठाऊक हवं. २०१३ च्या आवृत्तीत एक फुली आली. ती घातली की यंत्र कितीही पायऱ्या आपणच चढतं. मला तर ही फुलीच सगळ्यांत मोठी सोय वाटते. पुढे २०१५ च्या विकिडेटा प्रश्नसेवेत अक्षरं टंकताच नावं सुचू लागली, आणि २०२१ पासून नुसते रकाने भरूनही प्रश्न तयार होतो. (उत्तर यायला नोंद आधी कुणीतरी भरलेली हवी, हे आलंच.)

रकाने मीच भरले, चष्मा सावरत. व्यक्ती, मृत्यूची तारीख, जन्मस्थान. जिल्ह्यापाशी आलो तशी नात म्हणाली, "आजोबा, आजचा जिल्हा हवा की तेव्हाचा?"

हे रकान्यांनी मला विचारलं नव्हतं. वर्गात मीही कधी विचारलं नाही. तीन पदांत 'केव्हापासून, कधीपर्यंत' बसत नाही. ते त्या वाक्याला वेगळं जोडावं लागतं आणि प्रश्न तेवढा लांबतो.

"तेव्हाचा," मी म्हटलं. तिने रकाने बंद केले आणि हाताने ओळी लिहायला बसली.